थोरल्याच्या पायाशी

अलास्का
बुधवार, २ जुलै २०२५

चि. सौ. नेत्रा हिस आईचे आशीर्वाद.

आम्ही दोघं जागच्या जागी आहोत. तुम्ही तिघं तिकडं प्लेनो गावात उन्हानं भाजत असाल. जावईबापूंना नमस्कार सांग, आन्याचा पापा घे. झाली खुशाली.

तुझा मेसेज मिळाला. नारळी पौर्णिमेला तू आणि आन्या इकडं येताय, विमानाची तिकिटं काढलीत, पोरीला बाबाच्या बोटीतून थोरल्याकडं न्यायचं आणि तिच्या हातानं समुद्राला नारळ सोडायचा, असा तुझा बेत.

येऊ नका.

लगेच फोन उचलू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू ठेवून देतेस, मग दोघी तोंड फुगवून बसतो. कागदावर मला ओरडता येत नाही, म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच.

पहिली गोष्ट, घरात जागा नाही. तुझी खोली मी भाड्यानं दिली. उपासना नावाची नागपूरची मुलगी आहे, इथल्या युनिव्हर्सिटीत बर्फाचा अभ्यास करते. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "जय भीम, मावशी. मी घरात शिजवलेलं चालेल ना? मी मासे सगळे खाते." या देशाच्या टोकाला येऊन कुणी मला मावशी म्हणेल असं वाटलं नव्हतं. भाडं कमी केलं. तिची यंत्रं, दोऱ्या, पेट्या, सगळं तुझ्या पलंगाखाली भरलंय.

दुसरी गोष्ट, हवा खराब आहे. रोज पाऊस.

तिसरी, सीझन आहे. बर्फ बघायला येणाऱ्यांनी बोट भरलेली असते. डोनाबाईनं, बोटीच्या मालकिणीनं, माणसं वाढवली नाहीत, म्हणून बोटीचं स्वयंपाकघर मी एकटी बघते. बाबा तांडेल, सुकाणूवर, मी आचारी, तुमच्याकडं बघणार कोण?

आणि दाखवणार तरी काय त्या पोरीला? तुला आठवत असेल तसं आता काही राहिलं नाही. आपण आलो तेव्हा खाडीत दोन हिमनद्या समुद्राला टेकलेल्या होत्या. नकाशात त्यांना कुणा साहेबांची नावं आहेत. ती तुझ्या बाबाच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं मोठीला थोरला म्हटलं आणि लहानीला धाकटा. तू बारा वर्षांची होतीस. धाकट्याचा कडा कोसळताना बघून माझ्या पोटात तोंड खुपसलंस आणि मग बाहेर काढून म्हणालीस, "अजून एकदा पडेल का?"

तो धाकटा समुद्र सोडून गेला. वर खडकावर जाऊन बसलाय, बकरीसारखा. खाली नुसता गढूळ ओढा येतो. तिकडं कुणाची बोट जात नाही. थोरला अजून पाण्याला टेकून आहे, पण मागं मागं सरत गेला. पहिल्या वर्षी आपण जिथं नारळ सोडला तिथून आता तो दिसतही नाही, डोंगराच्या वळणाआड गेला. पूर्वी पॅसेंजरला चहा देऊन होईतो थोरला समोर यायचा. आता चहा होतो, सूप होतं, पोरं रडून झोपतात, तरी आपण चाललोयच. एवढ्या लांब आठ वर्षांच्या पोरीला थंडीत कशाला न्यायची?

आन्या लहान आहे. पुढं कधीतरी या.

तिकिटं रद्द कर आणि मला नुसतं "केली" एवढं कळव.

आई


अलास्का
रविवार, १३ जुलै २०२५

नेत्रा,

"केली" म्हणून कळव म्हटलं तर तू काय कळवलंस? मी तुझा मेसेज उपासनाला दाखवला नाही. चष्मा लावून एक एक अक्षर करत स्वतः वाचला. तू लिहिलंस:

"आई, जागा नाही, पाऊस आहे, हे मला सांगू नकोस. बाबाला मी नको आहे, ते सरळ सांग. तीन वर्षं झाली, हं, बरं, आईला देतो, यापुढं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. व्हिडिओवर आला की हसतो आणि उठून जातो. परवा आन्या म्हणाली, आजोबा डझन्ट लाइक टॉकिंग टू मी. मी त्याची माफी मागायला येतेय आणि तू दार लावून घेतेस."

वाचून मी कांदा चिरायला घेतला. तेवढंच बरं पडतं.

आता ऐक. तुझा बाबा तुझ्यावर रागावलेला नाही. तू त्याला फोनवर म्हणाली होतीस ना, की डिझेल जाळून मरणाऱ्या बर्फाला बघायला लोक नेतोस, सोड ते काम आणि इकडं ये. तुला वाटतं ते त्याच्या मनाला लागलं. त्या दिवशी फोन ठेवून तो जेवायला बसला आणि म्हणाला, "पोर खरं बोलली गो." आणि भात मागून घेतला. रागावलेला माणूस दुसऱ्यांदा भात मागत नाही. हे मी तुला लिहून देते. मग बोलत का नाही, ते आत्ता विचारू नकोस.

तुम्ही येऊ नका म्हटलं त्याचं कारण जागा नाही. ते तू ओळखलंसच, हुशार आहेस. कारण माझा हात आहे.

गेल्या वर्षी माझं मनगट मोडलं. तुला सांगितलं पायरीवरून पडले. पायरी जागेवर आहे, मी तिच्यावरून कधी पडले नाही. हात मोडला तो नारळी पौर्णिमेच्या दिवशी, थोरल्यासमोर.

तुला बाबाची रीत माहीत आहे. त्या दिवशी पॅसेंजर घेत नाही, डोनाबाई बोट देते, आम्ही दोघंच जातो. अँकरेजच्या दुकानातून आणलेला नारळ, त्याला सोनेरी कागद. गावाकडं हर्णैला धक्क्यावरनं समुद्राला नारळ देतात. इथं तुझ्या बाबानं पहिल्या वर्षी ठरवलं, की इथला समुद्र बर्फाच्या पायाशी सुरू होतो, तर नारळ तिथंच. मी तेव्हाच म्हटलं होतं, देवाला इंच मोजायची सवय नाही. पण तांडेलासमोर कोण बोलतं. मग थोरला मागं सरला की बाबा पुढं. दरवर्षी थोडं आणखी आत. नवीन उघडं पडलेलं पाणी, त्याचा धड नकाशा नाही, तळ कुणी मोजलेला नाही. इतर दिवशी कड्यापासून किती लांब राहायचं तो नियम तो पाळतो. नारळाच्या दिवशी नाही.

गेल्या वर्षी त्यानं इंजिन मंद केलं, हात जोडले, नारळ सोडला. कडा शांत होता. एक खडा पडत नव्हता. नारळ तरंगत थोडा पुढं गेला, आणि तो जिथं होता तिथलं पाणी फुगलं. आवाज नाही. वरून काही पडलं नाही. पाण्याखालून बर्फ वर आला, नेत्रा. घराएवढा. पांढरा नाही, काळानिळा, काचेसारखा, अंगावरून पाणी गळतंय. वर आला, कुशीवर वळला आणि मग लाट आली. बाबानं बोटीचं तोंड लाटेकडं वळवलं म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. मी स्वयंपाकघराच्या दारावर आपटले.

आता तूच सांग, तिथं माझी नात नारळ घेऊन उभी करू?

तो बर्फ खालून का आला, ते मला यंदा उपासनानं सांगितलं. ती कधीकधी आमच्या बोटीनं येते, दोरीला यंत्र बांधून पाण्यात सोडते. मी म्हटलं, "काय गं, मासे लागतात का?" म्हणाली, "मावशी, मी पाण्याचा ताप बघते."

तिनं मला स्वयंपाकघरात समजावलं, समोर पातेलं होतं म्हणून पातेल्यावरच. म्हणाली, वर तरंगतं ते वितळलेलं गोडं पाणी, थंडगार. पण खालून, तळाशी, बाहेरच्या समुद्राचं खारं पाणी आत येतं आणि ते आता पूर्वीपेक्षा कोमट आहे. कोमट म्हणजे तू हात घातलास तर ओरडशील इतकं गारच, पण बर्फाला तेवढं पुरतं. त्यात उन्हाळ्यात थोरल्याच्या पाठीवर जे पाणी होतं ते भोकांतून खाली उतरतं, त्याच्या पोटाखालून वाहतं आणि कड्याच्या तळाशी समुद्रात बाहेर पडतं. गोडं पाणी हलकं, ते उसळून वर येतं, आणि वर येताना ते कोमट खारं पाणी बर्फाच्या अंगाला घासत वर ओढतं. कड्याजवळ एका जागी पाणी उकळल्यासारखं वर येतं आणि पक्षी तिथं गर्दी करतात, ते आपण इतकी वर्षं बघत होतो. बाबा म्हणायचा, थोरला श्वास घेतो. तो श्वास नव्हता.

कुठं खालून पोखरतं आणि वरचा कडा लटकून राहतो, मग ढासळतो. कुठं वरचं पडून जातं आणि खाली पाण्यात बर्फाचा पाय पुढं पसरलेला राहतो, आपल्याला दिसत नाही. तो पाय तुटला की बुचासारखा वर येतो. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही कड्यापासून लांब होतात, पण त्याच्या पायावर उभ्या होतात."

थोरला इतकी वर्षं जागेवर का होता, तेही विचारलं. त्यानं स्वतःच वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध पाण्याखाली होता, त्यावर टेकून उभा होता. पातळ होत होत एकदा तो बांध सुटला. मागं पाणी खोल. जितका मागं जाईल तितकं खोल, आणि जितकं खोल तितका लवकर तुटणार. "ग्रीनलंडमध्ये हेच चाललंय, याच्या कितीतरी पटीनं मोठं," ती म्हणाली. मी विचारलं, "मग थांबणार कधी?" म्हणाली, "जमीन लागली की. धाकट्यासारखा." पोरगी सांगताना हसत नव्हती. मला ते आवडलं.

तिच्याकडं पाण्याखालचं ऐकायचंही यंत्र आहे. तिनं मला हेडफोन दिले. मला वाटलं धडामधुडुम असेल. तर लाह्या फुटतात तसं. तडतड, तडतड, थांबतच नाही. म्हणाली, ती बर्फात दाबून बसलेली जुनी हवा आहे, शेकडो वर्षांपूर्वीची. बर्फ वितळला की एक एक बुडबुडा फुटतो. आपल्या सगळ्यांच्या आधीची हवा, कुणी बघायला नाही, आणि लाह्यांसारखी फुटत चाललीय.

मग तिनं तुझ्या बाबाला हेडफोन लावले. तो सुकाणूवर एक हात ठेवून ऐकत राहिला. बराच वेळ. मान हलवली. म्हणाला, "झकास. काय आवाज आहे."

उपासनानं माझ्याकडं बघितलं. मी चहा टाकायला आत गेले.

मनगट दुखतंय. येऊ नका.

आई


अलास्का
बुधवार, २३ जुलै २०२५

नेत्रा बाळा,

तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस, फोनही केला नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही केला नसता.

त्या हेडफोनचं राहिलेलं सांगते. वायर यंत्रातून निघाली होती. लाटेला बोट हलली आणि निघाली, उपासनाच्या हातात लोंबत होती. तुझ्या बाबाच्या कानात काहीच नव्हतं. आणि तो म्हणाला, झकास.

तुझ्या बाबाला ऐकू येत नाही.

लिहिलं बघ. एवढीच ओळ होती. दोन पत्रं मी तिच्याभोवती फिरले.

पूर्ण बहिरा नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं हळू बोललं तर समजतं, अर्धं ऐकतो, अर्धं ओठांवरून घेतो. तरुणपणी मोठ्या जहाजांच्या इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं काढली, ते आता वसूल होतंय. कानाचं यंत्र घेतलं होतं. वाऱ्यात ते नुसतं शिट्ट्या मारतं आणि इंजिनाची घरघर डोक्यात भरवतं. शिवाय डोनाबाईला दिसलं तर बोट जाणार. खणात पडलंय.

फोनवर तर काहीच नाही. तू बोलतेस ते त्याला माशी घोंघावल्यासारखं येतं. म्हणून हं, म्हणून बरं, म्हणून आईला देतो. आन्या तर इंग्रजीत, भरभर, तोंड फोनला चिकटवून. तो हसतो, कारण हसल्यानं काही चुकत नाही. मग उठून जातो. मी हे सगळं बघत होते, आणि तुला सांगत होते की थकलाय, झोपलाय, मासे साफ करतोय.

फोनवरचं तुझ्या त्या बोलण्यानंतर लगेचच गेलं, बर्फाचा आवाज वर्षभरानं. तू विचारशील, मग ही दोन वर्षं बोट कशी चालवतोय? माझ्यावर.

बर्फ पडायच्या आधी बोलतो, तुला माहीत आहे. एक बारीक कट् होतं, मग लांब मेघ गडगडावा तसं. तुझा बाबा त्या कट्वर बोट वळवायचा. त्याला ते ऐकू येईनासं झालं तेव्हा त्यानं मला सांगितलं नाही. मीच ओळखलं. त्या दिवसापासून सूप वाढून झालं की मी त्याच्या मागं जाऊन उभी राहायचे. आवाज डावीकडं झाला तर डाव्या खांद्यावर हात, उजवीकडं झाला तर उजव्या. वायरलेसवर कुणी बोलावलं तर पाठीवर दोन थापा, आणि मी त्याच्यासमोर येऊन तेच शब्द तोंडानं करायचे. तो उत्तर द्यायचा. कुणाला शंका आली नाही. एक पॅसेंजर बाई मला म्हणाली, "सो स्वीट, तुझा हात सारखा त्याच्या खांद्यावर असतो." मी म्हटलं, थँक्यू.

आम्ही दोघांनी मिळून एक तांडेल चालवला. मला त्याची लाज वाटत नाही. मी एकदाही चुकले नाही. लाज वाटते ती या गोष्टीची, की गेल्या वर्षी तो बर्फ खालून आला तेव्हा माझे कान शाबूत होते आणि मला काही ऐकू आलं नाही. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. तरीही दुसऱ्या दिवशी मी प्लास्टर घातलेला हात घेऊन परत त्याच्या मागं उभी. का? तर तो बोटीवरून उतरला तर त्याचं काय होईल, याची भीती मला बर्फापेक्षा जास्त होती.

हेडफोनच्या दिवशी उपासना घरी येऊन म्हणाली, "मावशी, काकांना कधीपासून?"

मी म्हटलं, "तुझं काम पाण्याचं आहे, पाण्याचं बघ."

ती जेवली. ताट धुतलं. मग जाता जाता म्हणाली, "कान असते तरी आता उपयोग नाही, मावशी. पण बोटीवर लोकांना वाटतं की कॅप्टनला ऐकू येतंय. तेवढं तरी खरं असायला हवं."

तिला घरातून काढावी असं वाटलं. काढली नाही.

मग शनिवार आला. बोट भरली होती. म्हातारी माणसं होती, दोन तान्ही पोरं होती, आणि एक मुलगी होती आन्याएवढी, पिवळ्या रेनकोटात, तिच्या आईला विचारत होती की बर्फ किती वेळा पडतो. सूपची दोन्ही पातेली मी बोटीवर चढवली. भांडी लावली. आणि उतरून धक्क्यावर येऊन उभी राहिले.

बाबानं भोंगा दिला. मी हलले नाही. तो बाहेर येऊन कठड्याला टेकला.

"काय गो, चल."

मी तोंड वर केलं, त्याला ओठ नीट दिसतील असं. "मी नाही येत."

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे. आज नाही येत, उद्या नाही येत, कधीच नाही येत."

त्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं. खाली वाकला. "आणि सूप?"

"सूप ठेवलंय वर. कान घरी चालले."

डोनाबाई शेजारी उभी. तिला मराठी येत नाही, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. ती पॅसेंजरांकडं बघून हसायला लागली. बाबा हसला नाही. माझ्याकडं बघत राहिला. तेहतीस वर्षं... नाही, जास्तच झाली असतील, मोजत नाही, या माणसाबरोबर मी संसार केला, आणि त्यानं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. मी त्याला भर पाण्यात सोडून दिला होता.

तो आत गेला. दोर सुटला. इंजिनाचा आवाज वाढला, बोट धक्क्यापासून हातभर सरली. मला वाटलं, गेला. एवढी माणसं घेऊन, ती पिवळी पोरगी घेऊन, बहिरा जातोय थोरल्याकडं, माझ्यावरच्या रागानं. मी डोनाबाईच्या दंडाला धरलं. तोंड उघडलं, आणि मला इंग्रजीत काय म्हणायचं तेच आठवेना. एवढं येतं मला, भाव करता येतो, भांडता येतं, तेवढं एक वाक्य येईना.

आणि इंजिन बंद झालं.

बोट आपल्या आपण परत धक्क्याला लागली. तो उतरून आला. टोपी काढून डोनाबाईला म्हणाला, "आय कॅनॉट हिअर द आइस, डोना. नॉट धिस इयर. नॉट लास्ट इयर." एवढं सरळ बोलला. माझ्याकडं बोटसुद्धा दाखवलं नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मी लगेच म्हटलं, "आय ऑल्सो. आय हेल्प." डोनाबाईनं एक शिवी घातली, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिनं काहीतरी विचारलं, तो माझ्याकडं बघायला लागला, आणि मी सवयीनं त्याच्यासमोर जाऊन तेच शब्द तोंडानं केले. ते बघून डोनाबाई रडायला लागली. पॅसेंजर लोक आम्हाला नावं ठेवत उतरले. पिवळ्या रेनकोटातली पोरगी भोकाड पसरून रडत होती, तिला बर्फ हवा होता. रड म्हटलं, बाई, खुशाल रड.

तेव्हापासून तो घरी आहे. माझ्याशी बोलत नाही. हे खरं न बोलणं, फोनवरच्यासारखं नाही. खिडकीशी बसतो. परवा उपासना त्याच्यासमोर जाऊन बसली, तोंड दिसेल अशी, आणि एक एक शब्द सांगत राहिली, की थोरला आणखी काही वर्षांत खडकावर जाईल, मग त्याचा आवाज कुणालाच येणार नाही, ज्यांना चांगलं ऐकू येतं त्यांनाही. मला वाटलं पोरगी त्याचं दुःख वाढवतेय. तो म्हणाला, "मग आम्ही दोघं एकदमच निवृत्त होतोय म्हण." आणि तिला आवाजांबद्दल सांगायला लागला. कुठला आवाज वरच्या कड्याचा, कुठला मधल्या भेगेचा, पहिल्या वर्षी कसा होता, बांध सुटला तेव्हा कसा झाला. ती ऐकत होती, मीही भांडी तशीच ठेवून ऐकत होते. त्याला सगळं आठवतंय, नेत्रा. आत सगळं वाजतंय.

काल संध्याकाळी मला पहिल्यांदा काही विचारलं. "नेत्राला लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय?"

"येऊ नको म्हणून."

मग म्हणाला, "तिला वाटतं मी रागावलोय."

मला वाटलं माझ्या कानांनाच काहीतरी झालं. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"पोरीचं तोंड दिसतं ना व्हिडिओवर. ऐकू येत नाही, आंधळा नाही मी." मग म्हणाला, "वाटू दे म्हटलं. बहिऱ्या बापापेक्षा रागीट बाप बरा."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यातलं अर्धं त्याला ऐकू आलं नसेल, पण तोंड दिसत होतं.

म्हणून आता उलट लिहिते. माझी पहिली दोन पत्रं फाडून टाक. तिकिटं रद्द केली असशील तर परत काढ, आणि मला बोल लाव, मी ऐकून घेईन. या. पौर्णिमेला या किंवा आधी या. बर्फ बघायला नाही, बोट आता बाबाच्या हातात नाही. उपासना म्हणाली ती बाहेर सोफ्यावर झोपेल, तिला चालतं.

आल्यावर माफीबिफी मागत बसू नकोस. मागायची तर आम्ही दोघांनी तुझी मागायला पाहिजे, आणि आम्हाला ते जमेल असं वाटत नाही. तू त्याच्यासमोर बस. उजेड तुझ्या तोंडावर पडेल अशी बस, त्याच्या डोळ्यांवर नाही. ओरडू नकोस, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. मराठीत बोल, त्याला तुझं मराठी ओठांवर ओळखू येतं. आन्याला सांग, आजोबांना तुझं बोलणं बघायचंय, तर घाई करू नकोस. आणि तो हं म्हणाला तर सोडू नका त्याला. परत सांगा. त्याचं हं मला कळतं, कुठलं खरं आणि कुठलं खोटं, पण मी आता मधे उभी राहणार नाही.

वाट बघते असं मी आजवर कुणाला लिहिलं नाही. तुला लिहिते.

तुझी आई,
गिरिजा